बॅटरीचे दात कोण मोजणार?

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियातील त्वेर नगरीचा अफानासी निकितिन नावाचा एक व्यापारी कोकणच्या किनाऱ्यावर चौल बंदरी उतरला. त्याच्यापाशी भांडवल म्हणण्याजोगी वस्तू एकच होती, ती म्हणजे एक घोडा. दख्खनच्या सुलतानांना आणि सरदारांना चांगल्या घोड्याची किती असोशी आहे, हे त्याच्या कानी आले होते. तो घोडा घेऊन निकितिन जुन्नरला गेला. तेथील अधिकाऱ्याने तो हिसकावून घेतला. पुष्कळ मिनतवाऱ्या झाल्यावर परत दिला. आणि अखेरीस बहामनी राज्याची राजधानी जे बीदर, तेथे त्याने तो विकला. तोवर वर्षभराची दाणावैरण त्याच्या अंगावर पडली होती. बीदरपासून काही कोसांवर भरणाऱ्या एका वार्षिक जत्रेत वीस हजारांपर्यंत घोडे विकावयास येतात, असेही त्याने लिहून ठेवले आहे. ही जत्रा म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदची, असे अभ्यासक मानतात. रेवदंड्यास निकितिनचे स्मारक उभे आहे. कुलाब्याकडे जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकी काहींनी ते पाहिलेही असेल.

त्या काळी घोडा आमच्या किनाऱ्यावर उतरे आणि घाट चढून बीदरला जाई. घेणारा त्याचे तोंड उघडून दात मोजी, खूर उचलून पाही, चार पावले दौडवी आणि मगच मोहरांच्या थैलीला हात घाली. सहाशे वर्षांच्या आतबाहेरचा तो व्यवहार आज नव्या रूपाने बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात परत आला आहे. आता घोडे बेंगळुरू आणि हैदराबादहून येतात, ते एकेका झाकणाखाली तीनतीनशे असे येतात, आणि विजेवर पळतात. फरक इतकाच की, त्यांचे दात कोणाला मोजता येत नाहीत.

आम्ही बोलत आहो ते जुन्या बाजारात विकावयास येऊ लागलेल्या विजेच्या मोठ्या मोटारींविषयी, ज्यांना एसयूव्ही म्हणण्याचा प्रघात पडला आहे आणि ज्यांच्या पुढच्या व मागच्या आसांवर एकेक मोटर बसवून चारही चाकांना ओढ दिलेली असते. २०२२ साली या जातीच्या दोन गाड्या भारतात बऱ्याच गाजल्या. किया कंपनीची ईव्ही-६ जून महिन्यात आली. तिच्या चारही चाके ओढणाऱ्या प्रकाराची किंमत ६४ लाख ९५ हजार होती आणि शक्ती ३२५ अश्वशक्तीच्या घरात. पुढच्याच महिन्यात व्होल्वोची एक्ससी-४० रिचार्ज आली. ती बेंगळुरूजवळ होसकोटे येथे जोडली जाई. किंमत ५५ लाख ९० हजार, आणि शक्ती ४०८ अश्वशक्ती. ज्यांनी त्या घेतल्या त्यांपैकी अनेकांचे मन आता नव्या गाडीवर गेले आहे. नवी गाडी हवी म्हणजे जुनी खपविणे आले. विजेच्या गाडीची किंमत पेट्रोलच्या गाडीपेक्षा वेगाने उतरते, कारण बॅटरीची धास्ती प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मनात असते. त्यामुळे जे वाहन चार वर्षांपूर्वी केवळ शहरातील धनिकांच्या दारी शोभत होते, ते आज तालुक्याच्या गावातील एखाद्या खाऊनपिऊन सुखी कुटुंबाच्या हाताशी आले आहे.

असे एक कुटुंब आम्हांस माहीत आहे. गेल्या पावसाळ्यानंतर गाणगापुरी दत्तदर्शन करून आम्ही माणिकनगरला गेलो आणि तेथून एका जुन्या स्नेह्यांकडे भालकीस उतरलो. शेतांत तुरीच्या शेंगा भरत आल्या होत्या. हे स्नेही निवृत्त शिक्षक. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी आणि दवाखान्यासाठी हैदराबाद, अशी त्यांची चतुरंग राहणी. दोघे भाऊ एकत्र नांदतात, घरात माणसे अकरा. त्यांचा मुलगा बेंगळुरूस नोकरीला आहे आणि त्याने तेथे अशी एक २०२२ सालची गाडी हेरून ठेवली होती. मागणी होती नव्या किमतीच्या साधारण निम्म्याची. गुरुजींची निवृत्तीची रक्कम आणि धाकट्या भावाच्या तीन वर्षांच्या तुरीची शिल्लक मिळून ती जेमतेम भागणार होती. ओसरीवर त्याच विषयाचा खल चालला होता. मुलगा फोनवरून सांगत होता, "अण्णा, पेट्रोलचा खर्चच नाही. काकांना शेतावर जायला चारही चाकांची ओढ आहे, तुम्हाला हैदराबादला जायला आराम आहे." काका गप्प होते. आतून गुरुजींच्या मातोश्री तेवढ्या बोलल्या : "बैल घ्याचा म्हणलं की तुझे वडील दात बघत होते, खूर बघत होते. ह्याचं काय बघाव ते तर सांग आधी."

त्या माउलीच्या प्रश्नाला आम्हांपाशी तेव्हा उत्तर नव्हते. देवणी जातीच्या गोवंशासाठी प्रसिद्ध असा हा मुलूख. हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात ज्यांनी उभी हयात काढली, त्या लोकांना वस्तू पारखण्याचे शास्त्र कोणी शिकवावे असे नाही. परंतु हे शास्त्र वस्तूगणिक बदलते. पेट्रोलची जुनी गाडी घेताना गावचा मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकतो, धुराचा रंग पाहतो, ऑइलचा थेंब बोटावर चोळून बघतो. विजेच्या गाडीला आवाज नाही, धूर नाही, ऑइलही नाही. तिच्या किमतीचा मोठा वाटा एका बंद पेटीत, गाडीच्या तळाशी, बोल्ट कसून ठेवलेला असतो. ती पेटी म्हातारी झाली की नाही हे बाहेरून समजण्याचा मार्ग नाही. किलोमीटरचा आकडा तर येथे उलट फसवितो. एक लाख किलोमीटर चाललेली, पण घरच्या सॉकेटवर रात्री सावकाश भरलेली आणि सावलीत उभी राहिलेली गाडी तरणी असू शकते. आणि तीस हजारच चाललेली, पण सदैव काठोकाठ भरून वैशाखाच्या उन्हात उभी केलेली व जलद चार्जरवरच पोसलेली गाडी आतून पोखरलेली असू शकते. लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी मानवत नाहीत. एक उष्णता, दुसरी पूर्ण भरलेल्या अवस्थेतील दीर्घ मुक्काम. ज्या कलबुर्गीत उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, तेथे ही गोष्ट पाठ करून ठेवण्याजोगी आहे.

मग दात मोजावयाचे कसे? आम्ही या विषयातील जाणत्यांना विचारले, वाचले, आणि घरच्या घरी करता येईल अशी एक रीत सापडली ती येथे देतो. ईव्ही-६ च्या २०२२ सालच्या गाडीतील बॅटरी ७७.४ किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत सुमारे ७७ युनिटांची. गाडी २० टक्क्यांवर आणावी आणि जलद चार्जरवर ८० टक्क्यांपर्यंत भरावी. नव्या बॅटरीत हे ६० टक्के म्हणजे साधारण ४६ युनिटे होतात. चार्जरच्या पडद्यावर किती युनिटे गेली ते दिसतेच. वाटेतील गळतीमुळे हा आकडा ४६ पेक्षा थोडा अधिकच यावयास हवा. तो जर ४० च्या आतच थांबला, तर ओळखावे की दाढा पडावयास लागल्या आहेत. ही रीत सोनाराच्या काट्याची नव्हे, हे खरे. हवामान, गाडीच्या संगणकाचा अंदाज यांनी दोनचार टक्के इकडेतिकडे होतात. पण दलालाच्या तोंडच्या "बॅटरी एकदम फर्स्टक्लास" या दाखल्यापेक्षा ती पुष्कळ भरवशाची. याहून चांगला मार्ग म्हणजे कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत गाडी नेऊन बॅटरीच्या धारणाशक्तीचा अहवाल छापून घेणे. विकणारा त्यास राजी नसेल, तर त्याचा नकार हाच अहवाल समजावा.

जाहिरातीतील पल्ल्याच्या आकड्यावर तर मुळीच विसंबू नये. ईव्ही-६ ला भारतीय चाचणीत ७०८ किलोमीटरचा आकडा मिळाला होता. त्याच बॅटरीच्या, केवळ मागची चाके ओढणाऱ्या गाडीला युरोपीय चाचणीने ५२८ किलोमीटर दिले. चारही चाके ओढणारी गाडी त्याहून कमी जाते, कारण दोन मोटरांना पोसावे लागते. महामार्गावर शंभराच्या वेगाने, वातानुकूलन चालू ठेवून, पाच माणसे आणि प्रसादाच्या पिशव्या घेऊन निघालेल्या चार वर्षे जुन्या गाडीचा हिशेब ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे पाणी. सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूच्या पूर्वेकडील वसाहती जलमय झाल्या आणि मोलामोलाच्या मोटारी घरांच्या आवारांत व तळघरांत छपरापर्यंत बुडाल्या, ती छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. हैदराबादेत ऑक्टोबर २०२० मध्ये तेच झाले. बुडालेली गाडी विमा कंपनी निकालात काढते, ती लिलावात जाते, धुऊनपुसून उभी राहते आणि जेथे कोणी तिला ओळखत नाही अशा दूरच्या जिल्ह्यात गिऱ्हाईक शोधते. प्रत्येक बुडालेली गाडी बीदरलाच येते असे आमचे म्हणणे नाही. पण २०२२ सालची बेंगळुरूची गाडी घेणाऱ्याने विम्याच्या दाव्यांचा इतिहास लेखी मागावा, आसनांच्या रुळांवरचा गंज आणि पट्ट्यांच्या मुळाशी बसलेला गाळ स्वतः वाकून पाहावा, आणि गाडी उचलून बॅटरीच्या तळाला दगडाचा मार लागला आहे काय तेही पाहावे. भीमेच्या आणि मांजऱ्याच्या काठच्या लोकांना पुराच्या गाळाची ओळख करून देण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट, परत बोलावलेल्या गाड्यांची. कियाने जुलै २०२४ मध्ये ईव्ही-६ च्या ११३८ गाड्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये १३८० गाड्या चार्जिंगचे नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेतील दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. त्या दोषाने गाडीतील १२ व्होल्टची लहान बॅटरी उतरण्याचा संभव होता. दोष जाहीर करून दुरुस्त करणे हे कंपनीला भूषणास्पदच. पण बोलावणे जाते पहिल्या मालकाच्या पत्त्यावर, आणि गाडी तोवर तिसऱ्याच्या अंगणात असते. तेव्हा चेसिस क्रमांक कार्यशाळेस कळवून काम झाले की नाही ते विचारावे. दोन टनांच्या घरातल्या या गाड्या टायरही लवकर खातात. चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीत एकदोन टायर निराळ्या बनावटीचे घालून भागविलेले असेल तर तो पुढील दुखण्याचा पाया समजावा. आणि स्टेपनी आहे काय ते डिकी उघडून पाहावे. अनेक विजेच्या गाड्यांत ती नसतेच. औरादच्या आडरस्त्यावर रात्री पंक्चर झाल्यावर हे समजणे बरे नव्हे.

आता हमीची कथा. बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांत जे आधी येईल तोवरची. २०२२ ची गाडी असेल तर २०३० पर्यंत. या मुदतीत धारणाशक्ती ठराविक मर्यादेखाली गेली, तरच कंपनी दखल घेते. ही मर्यादा पुष्कळदा ७० टक्क्यांची असते. म्हणजे ७२ टक्क्यांवर आलेली बॅटरी कंपनीच्या लेखी निरोगीच. अलीकडे काही देशी कंपन्यांनी "आजीवन" हमीचा डांगोरा पिटला आहे. परंतु हे आजीवन म्हणजे पहिल्या मालकाचे जीवन, गाडीचे नव्हे. गाडी दुसऱ्याच्या नावावर चढली की हमी वर्षांत आणि किलोमीटरांत मोजली जाऊ लागते. सवलती, सूट, करमाफी, हमी, साऱ्या पहिल्या मालकाच्या पंक्तीला वाढून संपतात आणि दुसरा मालक ताटाशी बसतो तेव्हा पातेले खरवडलेले असते. हा दुसरा मालक बहुधा लहान गावचा असतो, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

आणि तो सीमाभागातला असला, म्हणजे तर पाहावयासच नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठवाड्यात गेले. भालकी, बसवकल्याण, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. जहीराबाद, नारायणखेड तेलुगू मुलखात गेले. एका घरच्या सोयरिकी तीन राज्यांत पडल्या. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात लावलेला दावा, हे सारे आमच्या वाचकांस ठाऊक आहे. त्या मोठ्या वादाचा निवाडा होईल तेव्हा होवो. येथे आम्ही त्याच रेषेने केलेल्या एका लहान काचाविषयी बोलतो.

भालकीच्या माणसाला मोठा मोटारबाजार जवळचा कोणता? हैदराबाद. बीदरहून ते दीडशे किलोमीटरच्या आत आहे. बेंगळुरू सातशेच्या घरात. तेलंगण सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये विजेच्या वाहनांना रस्ताकर आणि नोंदणीशुल्क यांतून ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत पूर्ण सूट दिली. कर्नाटकानेही विजेच्या गाड्यांना वर्षानुवर्षे करमाफी दिली होती. पण २०२४ साली कायद्यात दुरुस्ती करून २५ लाखांहून अधिक किमतीच्या गाड्यांवर दहा टक्के आजीवन कर बसविला. महाराष्ट्राने मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर सहा टक्के कर सुचविला आणि त्याच महिन्यात तो मागे घेतला. तीन राज्ये, तीन तऱ्हा. परिणाम असा की, भालकीकराने जवळच्या हैदराबादेतून गाडी आणली तर त्याला आधी तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला, मग इकडे नव्याने नोंदणी, नवा क्रमांक आणि कर्नाटकाच्या कराचा हिशेब हे सारे ओघाने येते. तिकडे करमाफी मिळाली होती, म्हणून परत मागावयासही काही नाही. तीच गाडी सातशे किलोमीटरांवरच्या बेंगळुरूहून आणली तर राज्य एकच, केवळ नावाची बदली. नकाशावरचे अंतर आणि सरकारी अंतर यांचा मेळ न बसणे हेच सीमाभागाचे प्राक्तन आहे काय, असा प्रश्न पडतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवली, तर नवा नोंदणीक्रमांक घेतलाच पाहिजे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दिल्लीहून मद्रासेस बदली झालेला अधिकारी असावा. ज्याचे घर भालकीत, बहीण उदगिरात, डॉक्टर हैदराबादेत आणि कुलदैवत तुळजापुरात, त्याची गाडी "ठेवलेली" कोठे असते हे कोणत्या कलमाने ठरवावे? ४८ व्या कलमात एक दिलासा आहे : ना-हरकत दाखल्याच्या अर्जावर तीस दिवसांत नकार कळविला नाही, तर दाखला दिला असे समजावे. कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात, "समजलेला" दाखला हातात घेऊन दुसऱ्या राज्याच्या खिडकीपुढे उभे राहण्याचे धैर्य करून पाहावे! ५० व्या कलमान्वये घेणाऱ्याने तीस दिवसांत मालकीबदल कळवावयाचा असतो. ही मुदत मात्र कोणी "समजून" घेत नाही. व्यापाऱ्याकडून घ्यावयाची असेल तर त्याला आरटीओचे अधिकारपत्र आहे काय ते विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून तसा नियम लागू झाला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला भरलेल्या जीएसटी परिषदेने जुन्या विजेच्या गाड्यांवरील कर १२ वरून १८ टक्के केला, यावरून बराच गलका झाला होता. तो कर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे, साऱ्या किमतीवर नव्हे. आणि एका गृहस्थाने दुसऱ्या गृहस्थास गाडी विकली तर तो लागतच नाही. एवढे ठाऊक असले म्हणजे दलालाला "जीएसटीचे वेगळे" म्हणून हात पसरता येत नाही.

राहिला प्रश्न पोटापाण्याचा, म्हणजे विजेचा. घरच्या १५ अँपियरच्या सॉकेटमधून तासाला सुमारे तीन युनिटे मिळतात. ७७ युनिटांची रिकामी बॅटरी त्यावर भरावयास रात्र आणि दिवस दोन्ही लागतात, तेही वीज न जाता. याच गाडीला १० ते ८० टक्के भरण्यास ५० किलोवॅटच्या चार्जरवर ७३ मिनिटे आणि ३५० किलोवॅटच्या चार्जरवर १८ मिनिटे लागतात, असे कंपनी सांगते. ही अठरा मिनिटे जाहिरातीत सर्वांत ठळक असतात. कर्नाटकातील सार्वजनिक चार्जरांपैकी बहुतांश एकट्या बेंगळुरू शहर जिल्ह्यात आहेत. हुमनाबादच्या फाट्यावर, बसवकल्याणच्या वळणावर चार्जरची खूण फोनच्या नकाशात दिसणे वेगळे आणि तो चालू स्थितीत, मोकळा सापडणे वेगळे. गोव्याहून गाणगापूर चारशे किलोमीटरांहून अधिक आहे. चोर्ल्याचा घाट चढून बेळगाव, विजापूर, अफझलपूर करीत विजेची गाडी घेऊन जाणाऱ्या आमच्या वाचकांनी विजापुरास बॅटरी भरून घ्यावी आणि पुढच्या टप्प्यासाठी दत्तगुरूंवर नव्हे, शिल्लक टक्क्यांवर भिस्त ठेवावी. बीदर ते कलबुर्गी या सुमारे ११० किलोमीटरांच्या लोहमार्गाची मंजुरी नव्वदच्या दशकातली. तो पुरा होऊन उद्घाटन झाले ऑक्टोबर २०१७ मध्ये. चार्जरांच्या बाबतीत इतकी वाट पाहण्याइतके आयुष्य बॅटरीला नसते.

या सर्वांवर मूळ प्रश्न उरतोच, की भालकीच्या कुटुंबाला सवातीनशे घोडे हवेत कशाला? चारही चाकांना ओढ असली म्हणजे पाणंदीच्या काळ्या चिकणमातीतून गाडी निघेल, ही काकांची समजूत मुलाने करून दिलेली होती. ती अर्धीच खरी आहे. ही ओढ डांबरी रस्त्यावरील वेगासाठी, ओल्या वळणावर गाडी सावरण्यासाठी योजलेली. टायर शहरी, तळ बेताच्या उंचीचा, वजन दोन टन. श्रावणात तुरीच्या बांधावर ही गाडी रुतली, तर चारही चाके जागच्या जागी फिरून खड्डा दुप्पट वेगाने खणतील आणि शेवटी शेजाऱ्याचा ट्रॅक्टरच बोलवावा लागेल. शिवाय घरात माणसे अकरा आणि आसने पाच! चारही चाकांच्या ओढीचा हव्यासच असेल, तर टाटा मोटर्सने २०२५ च्या जूनमध्ये हॅरियरची विजेवरची गाडी काढली. दोन मोटरांच्या प्रकाराची दुकानातली किंमत २८ लाख ९९ हजार ठेवली, आणि तिची बॅटरी लोह-फॉस्फेट जातीची, म्हणजे उष्णता अधिक सोसणारी आहे. परदेशी बनावटीची जुनी गाडी आणि ही नवी, यांच्या किमती आता जवळजवळ आल्या आहेत. हमी पहिल्या मालकाची मिळते ती वेगळीच. आमचा सल्ला कोणी विचारला तर आम्ही एकाच मोटरची, लहानशी गाडी घेण्यास सांगू. पण तिशीतल्या मुलाला असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचे काय होते, हे आम्हांस घरच्या अनुभवाने माहीत आहे.

म्हणून सल्ल्यापेक्षा सरकारकडे मागणीच केलेली बरी. पेट्रोलच्या मोटारीला धुराची तपासणी सक्तीची आहे. पीयूसीचा तो कागद नसेल तर दंड होतो. विजेच्या गाडीस धूर नाही, म्हणून त्यातून ती सुटली. ठीक आहे. पण मालकी बदलताना धुराच्या कागदाऐवजी बॅटरीच्या धारणाशक्तीचा कागद सक्तीचा करण्यास कोणती अडचण आहे? बॅटरी किती टिकावी याचे माप संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांत २०२२ सालीच आले आहे : पाच वर्षे अथवा एक लाख किलोमीटरांनंतर ८० टक्के, आठ वर्षे अथवा १ लाख ६० हजार किलोमीटरांनंतर ७० टक्के. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमाने विजेच्या वाहनांच्या प्रत्येक बॅटरीला १८ फेब्रुवारी २०२७ पासून स्वतःचे पारपत्र आवश्यक ठरविले आहे, ज्यात तिचे कूळ, घडण आणि प्रकृती नोंदलेली असेल. आमच्याकडे बँकेच्या बोज्याची नोंद नोंदणीपुस्तकावर होते. त्याच पानावर बॅटरीचा टक्का, तपासल्याची तारीख आणि तपासणाऱ्या कार्यशाळेचा शिक्का असा एक रकाना वाढवावा. दुसरी मागणी कराची. एका राज्याने दिलेली माफी किंवा घेतलेला कर, गाडीच्या उरलेल्या वयाच्या प्रमाणात, शेजारच्या राज्याने मान्य करावा. निदान सीमेवरच्या जिल्ह्यांपुरती तरी तीन राज्यांनी ही सोय करावी. जे वाहन धूर सोडत नाही म्हणून गौरविले, त्याला सीमा ओलांडताच मोटारखात्याच्या खिडक्यांपुढे उभे करणे विसंगत आहे.

गुरुजींचे पत्र परवा आले. मुलाने गाडी अधिकृत कार्यशाळेत तपासू द्यावी अशी अट घातली. विकणाऱ्याने प्रथम होकार दिला, मग गाडी कार्यालयाच्या कामात अडकली, मग चावी बाहेरगावी गेली. किंमत मात्र दोनदा उतरली. मातोश्रींचा मुद्दा काकांनी उचलून धरला आहे आणि पैसे अजून बँकेतच आहेत. दलालाचा फोन दर रविवारी येतो.